कांद्याच्या पापुद्र्याला पाणी

प्रिय आत्याबाई,

तुमचं वर्षश्राद्ध अजून व्हायचंय आणि मी तुम्हाला पत्र लिहायला बसलेय. तुम्हाला अक्षरओळख नव्हती, हे ठाऊक आहे मला. पण तिकडं कुणी ना कुणी वाचून दाखवणारं भेटलंच असेल. आपल्या गावातले निम्मे मास्तर आता तिकडंच आहेत.

कारण सांगते. आज शाळेच्या नव्या हेडबाई घरी आल्या होत्या. यंदा पुन्हा टँकर चालू झालाय आणि वस्तीवरच्या लेकरांना जुलाब लागलेत. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमचा तो मायक्रोस्कोप कपाटात पडून आहे. आमच्यापैकी कुणाला तो नीट लावता येत नाही. उद्या तासभर या आणि बायकांना पाण्याचा थेंब दाखवा. मागं छावणीत दाखवला होता म्हणे." मी नाही म्हणाले. गुडघे दुखतात, रिटायर झालेय, आता सोडा मला, असं बरंच काही म्हणाले. त्या बिचाऱ्या चहा पिऊन गेल्या.

गुडघे दुखतात हे खोटं नाही. पण कारण ते नाही. तुम्ही गेल्यापासून त्या नळीला डोळा लावायची माझी इच्छाच गेलीय. का गेली, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या लेकालाही नाही. रोज सकाळी ड्रम भरायचे, पाणी गाळायचं, उकळायचं, आणि दुपारी भिंतीला पाठ लावून बसायचं, एवढंच चाललंय माझं. थकलेय मी, आत्याबाई. तुमच्याशी बोलल्याशिवाय हे सुटायचं नाही.

आठवतो का तो दुष्काळ? "कंचा गं? एक हुता का!" असं म्हणाल तुम्ही. मी म्हणते तो, ज्या वर्षी ऊस वाळला आणि कारखान्याचं गाळप झालंच नाही, आणि त्याच कारखान्यानं गावाबाहेरच्या माळावर जनावरांची छावणी उघडली. तुमची चंद्री म्हैस छावणीत गेली आणि तिच्यामागं तुम्हीही गेलात! घरी फक्त जेवायला यायचात. सुनेनं खाल्लं की नाही, हे तुम्ही कधी विचारलं नाही. चंद्रीला पेंड मिळाली का, हे मात्र तीनतीनदा विचारायचात. मला राग यायचा. आता सांगायला काय हरकत आहे?

पाणी माजलगावच्या धरणाच्या तळातलं, टँकरनं यायचं. पिवळट रंगाचं, गाळाचा वास येणारं. ते ड्रमांत साठवून दिवसच्या दिवस पुरवायचं. छावणीतली माणसं एकामागून एक जुलाबानं आडवी व्हायला लागली. आमची शाळा कारखान्याच्याच संस्थेची आणि मी तिथली विज्ञानाची बाई. चेअरमन साहेब मला म्हणाले, "मॅडम, तुमचं ते यंत्र आणा छावणीत. आमचं ऐकून कुणी पाणी उकळीत न्हाई. डोळ्यानं बघितलं तर उकळतील."

मी आणलं. छावणीशेजारच्या दूध संस्थेच्या पत्र्याच्या शेडमध्ये, कॅन ठेवायच्या ओट्यावर मायक्रोस्कोप मांडला. खालचा आरसा आभाळाकडं फिरवून उजेड घेतला. ड्रमातल्या पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर ठेवला, वरून नखाएवढी पातळ काच ठेवली. आणि बायकांची ही रांग लागली! पहिल्या कितीतरी जणींना काही म्हणता काही दिसलं नाही. एकीनं तर दोन्ही डोळे मिटून बघितलं. एकीला काळं गवत दिसलं, त्या तिच्याच पापण्या होत्या. एकीनं काच डावीकडं सरकवली आणि चित्र उजवीकडं पळालं म्हणून ती घाबरून मागं झाली. पण ज्यांना दिसलं त्या तिथून हलेनात. मागच्या बायका ओरडायला लागल्या.

तुम्ही रांगेत नव्हतात. शेण भरत होतात. मीच हाक मारली, "आत्याबाई, या की!"

तुम्ही पदराला हात पुसत आलात आणि डोळा लावलात. मी विचारलं, "दिसलं का?"

"हालतंय गं," तुम्ही म्हणालात. "चपलंच्या तळव्यावानी कायतरी पळतंय. आन् ते दुसरं तोंडापशी चाक फिरवतंय."

काय सांगू मला किती आनंद झाला! नववीच्या पोरांना चित्र दाखवूनही ओळखू येत नाही, आणि तुम्ही पहिल्याच नजरेत दोन्ही जीव वेगळे काढलेत.

"जितं हायत का?" तुम्ही विचारलंत.

"हो तर! एका थेंबात एवढे. म्हणून तर पाणी उकळायचं. उकळलं की मरतात."

बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. तुम्ही गळ्यातली तुळशीची माळ चाचपलीत आणि शेणाच्या पाटीकडं गेलात.

खरं तर जुलाब करणारे जंतू आमच्या शाळेच्या यंत्रात दिसणारच नव्हते, फार बारीक असतात ते. ते चपलेसारखे आणि चाकवाले बिचारे कुणाला काही करत नव्हते. पण ज्या पाण्यात हे आहेत त्यात तेही असणार, एवढंच मला पटवायचं होतं. हा सगळा विचार मी केला होता. माझी सासू माळकरी आहे, वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर वळसा घालून जाते, एवढाच विचार तेवढा राहिला होता.

संध्याकाळी जेवताना तुम्ही तांब्याला हात लावला नाहीत. मी पुढं केला तर "नगं" म्हणालात. सकाळीही नको. मग मी पाठच धरली तेव्हा बोललात.

"उकळलं तर जितं शिजवायचं. न्हाई उकळलं तर जितं गिळायचं. कंचं पाप करू, तूच सांग. शिकलेली हायस."

त्यात तुमच्या लेकाला चेष्टेची हौस! दूध संस्थेचे सेक्रेटरी ना ते, त्यांना माहिती फार. म्हणाले, "आई, मंग ताक बी सोड. दही लागतं त्ये जिवांमुळंच. आन् दुधात किती जीव हायत ते संघाच्या डेअरीत निळं औषध टाकून बघत्यात." झालं! तुम्ही ताकही सोडलंत आणि दूधही. मी त्यांच्याकडं असं बघितलं की ते ताट उचलून ओसरीवर गेले.

वैशाखाचं ऊन. छावणीत सावली म्हणजे हिरवं नेट, त्याखाली भट्टी. आम्ही काय काय केलं नाही? महाराजांना बोलावून आणलं. ते तुमच्यासमोर बसून शांतपणे म्हणाले, "माय, अजाणता घडलेलं पाप लागत न्हाई." तुम्ही त्यांना नमस्कार केलात आणि म्हणालात, "आता अजाणता कुटं ऱ्हायलं, महाराज? मी बघितलंय." महाराज माझ्याकडं बघायला लागले. मीच तर एवढी वर्षं पोरांना हेच शिकवत आले होते की नीट बघा, बघितलेलं विसरू नका.

दुपारपर्यंत तुमचे ओठ फुटले. जीभ जड झाली. चंद्रीच्या दावणीला टेकून बसलात त्या उठेनात. डॉक्टर सलाईन लावू म्हणाले, तर "ते बी पाणीच की" म्हणून हात ओढून घेतलात. काय हट्टी बाई होतात हो तुम्ही! आणि मला आधी कशाची भीती वाटली सांगू? गाव म्हणेल, हिच्या यंत्रानं सासू मारली. तुमच्या जिवाची भीती त्याच्या मागून वाटली. आई गेल्यावर मला रागवायला तुम्हीच राहिला होतात.

मग मी शेडमधून मायक्रोस्कोप उचलला आणि तुमच्यासमोर, चंद्रीच्या पेंडीच्या पोत्यावर फळी टाकून मांडला.

"आ करा," मी म्हणाले. तुम्हाला विरोध करायचं त्राणच नव्हतं. काडीच्या मागच्या टोकानं तुमच्या गालाच्या आतून हलकं खरवडलं, काचेवर घेतलं, निळ्या रंगाचा थेंब टाकला. "बघा."

"काय हाय?"

"तुम्ही आहात."

तुम्ही मान वर करून माझ्याकडं बघितलंत, मला ऊन लागलंय का म्हणून.

"तुमच्या गालाच्या पेशी. पेशी म्हणजे एकेक छोटा जीव. मधला तो गडद ठिपका दिसतो का? तुमचं सगळं अंग अशाच जिवांचं आहे. चंद्रीचंही. मोजायला गेलं तर जन्म पुरायचा नाही एवढे आहेत."

"मंग हालत कावून न्हाईत?"

बघा, तोंडातून शब्द निघत नव्हता, पण शंका नेमकी! मी म्हणाले, "हे जागेवर राहून जगतात. झाड कुठं पळतं?" तुम्हाला ते पटलं नाही. तोंड फिरवलंत. तेव्हा मी पळत जाऊन चुलीपासचा लाल कांदा आणला.

"कांदा जिवंत आहे का?" मी विचारलं.

"कोंब फुटतो म्हंजी आसंलच."

वरच्या पाकळीचा जांभळा पापुद्रा सोलून मी पाण्याच्या थेंबात पसरला आणि तुम्हाला पुन्हा डोळा लावायला सांगितला. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात.

"वाफे हायत गं," तुम्ही म्हणालात. "वाफ्याला वाफा लागून. काठोकाठ भरलेत."

ते ऐकून मला रडू आलं. त्या वर्षी भरलेला वाफा कुणी बघितला होता? मी काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला, दुसऱ्या कडेला टीपकागद लावला. मीठ आत शिरलं. तुमचा डोळा नळीवरच होता.

"आगं, आटायला लागलं की! कडंनं सुटतंय. ह्यो बी सुटला. काय केलंस तू?"

"मिठानं त्यांच्यातलं पाणी ओढून घेतलं. जिवंत आहेत ते अजून. पण तहानलेत. तुमच्या आत आत्ता हेच चाललंय, आत्याबाई. कालपासून."

"पाणी घाल त्यानला."

"कोणतं घालू? तांब्यातल्या पाण्यात जीव आहेत ना?"

"घाल म्हणते ना!" एवढा आवाज तुमच्यात कुठून आला देव जाणे. शेजारच्या दावणीची माणसं गोळा झाली. "मारतीस का त्यानला माज्या डोळ्यांदेखत? घाल!"

मी तांब्या तुमच्या हातात दिला. तुम्ही त्यात बोट बुडवलंत. पहिला थेंब फळीवरच पडला, दुसरा काचेच्या कडेला लागला. मी कागदानं ओढून घेतला. मग मीही श्वास धरून बसले. कारण जास्त वेळ गेला असेल तर ते परत फुगत नाहीत, मेलेल्या पेशीला पाणी घालून काही होत नाही. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं मी.

"भरतंय," तुम्ही म्हणालात. "सुनंदा, भरतंय गं! कडंपस्तोर आलं."

मग तो तांब्या तुम्ही तोंडाला लावलात. अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं. आणि दम खाऊन पहिलं वाक्य काय बोललात? "शाळंत पोरांचा बी आसाच छळ करतीस का?"

त्या दिवसानंतर तुमचं ते नवीन व्रत सुरू झालं. पाणी चारपदरी कापडातून गाळायचं, ते कापड गुरांच्या हौदात हलकेच उलटं करून धुवायचं, म्हणजे अडकलेले जीव सुटतील, आणि गाळलेलं पाणी चुलीवर ठेवण्याआधी हात जोडून "चुकलं माकलं पोटात घाला" म्हणायचं. दुष्काळात तेवढ्यासाठी तांब्याभर पाणी! मी किती चिडले असेन? पण छावणीतल्या बायका माझं ऐकून उकळत नव्हत्या, तुमचं बघून उकळायला लागल्या. कापड धुण्यासकट.

आणि माझ्या यंत्राच्या मुकादम तुम्हीच झालात. तलवाड्याकडून कुणी पाहुणी आली की हाताला धरून आणायचात. "चल, तुला तुजं दाखवते." रांगेत दटावायचात, "डोळा मिटू नगं. काळं दिसतंय त्या तुज्याच पापण्या हायत, जरा मागं हो." आधी गालाच्या पेशी, मग कांदा, मग शेवटी टँकरचा थेंब, हा क्रम तुमचा. मी पाण्यापासून सुरुवात केली की तुम्ही माझ्यावरच डाफरायचात, "आदी माणसाला त्याचं दाव, मंग भ्या घाल." चाळीस पोरांच्या वर्गावर मी पुढं तोच क्रम वापरला, पण तुम्हाला ते कधी सांगितलं नाही. तुम्ही अजून चढून बसला असतात!

नंतरचं सगळं उतरणीचं. चंद्री म्हातारी होऊन गेली. दूध संस्था बंद पडली, शेडचे पत्रे कुणी नेले कळलं नाही, आता खासगी गाडी येऊन कॅन उचलते. मी रिटायर झाले. तुमचा लेक दिवसभर टीव्हीचा आवाज मोठा करून बसतो.

आणि मग तुमच्या पायाला सूज आली.

बीडच्या डॉक्टरांनी तुमच्या छातीचा फोटो बघितला आणि मला बाहेर बोलावलं. हृदय थकलंय, म्हणाले. फुप्फुसात पाणी साचलंय, अंगात पाणी जास्त झालंय. सगळा जन्म तुमचा टँकरमागं पळण्यात गेला, आणि शेवटी पाणी जास्त झालं! मी डॉक्टरांसमोर हसले. ते चमकले. मग त्यांनी सांगितलं की आता दिवसाला मोजूनच पाणी द्यायचं, ही एवढी बाटली, वर एक घोट नाही, नाहीतर श्वास कोंडेल.

बाटली माझ्या हातात आली. दुसरं कोण होतं?

तुम्ही मागायचात. आधी दटावून, मग गोडीनं, मग नुसते डोळे बाटलीकडं लावून. मी कापूस ओला करून ओठांवर फिरवायचे. एकदा तुम्ही माझं मनगट धरलंत. "सुनंदा, माजे जीव तानलेत गं. आतले. तूच दावलेले."

मी तुम्हाला समजावत बसले. पाणी आहे आत्याबाई, पण चुकीच्या जागी जाऊन बसलंय.

"मंग हितलं उचलून तितं न्ये की," तुम्ही म्हणालात. "येवढी शिकलीस."

मला नेता आलं नाही. डॉक्टरांचं बरोबर होतं, माझंही बरोबर होतं, हे मी स्वतःला रोज सांगते. ते खरंही आहे. पण ज्या बाईला मी कांदा दाखवून पाणी पाजलं, तिच्यापासून बाटली लपवून ठेवली ती मीच. मायक्रोस्कोपचं नाव काढलं की मला ते वाफे दिसतात, कडेनं सुटत चाललेले. आणि पाणी घालायला माझा हात उठत नाही. म्हणून आज हेडबाईंना नाही म्हणाले.

त्या सकाळी तुम्ही गेलात तेव्हा वन्सं उशाशी होत्या. त्यांनी तुळशीचं पान ठेवलं, पळीनं तोंडात पाणी घातलं, मग तुमच्या लेकानं घातलं, मग पळी माझ्याकडं आली. मी एक पळी घातली. मग दुसरी. मग पळी बाजूला ठेवली आणि तांब्याच घेतला, बारीक धार धरून घालत राहिले. ओघळ गळ्याखाली जात होते, मी पुसत होते आणि घालत होते. वन्संनी माझा हात धरला. "वहिनी, पुरं आता. आई गेली."

"अजून नाही," मी म्हणाले.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मास्तरीण असून हिला कळेना, असं त्यांना वाटलं असेल. मला सगळं कळत होतं, आत्याबाई. श्वास थांबला होता, नाडी मी स्वतः बघितली होती. पण श्वास थांबला म्हणून पेशी सगळ्या लगेच मरत नाहीत. कातडीतल्या, डोळ्यांतल्या, गालाच्या आतल्या कितीतरी काही तास जगत राहतात. तोंडात घातलेलं पाणी आता त्यांच्यापर्यंत पोचणार नाही, हेही मला माहीत होतं. पण डॉक्टरांनी घातलेली मोजणी संपली होती, आणि तुमचे जीव अजून होते. मी तांब्या रिकामा होईपर्यंत थांबले नाही.

हे सांगायचं होतं तुम्हाला. ते मी वेड लागल्यासारखं केलं नाही. तुमचं देणं म्हणूनही केलं नाही. त्यांना तहान लागली होती, म्हणून केलं.

उद्या मी जाईन. हेडबाईंना आत्ताच फोन करते. लाल कांदा घरचाच नेईन. आधी एकेकीला तिच्या गालाच्या पेशी दाखवीन, घाबरवायचं ते नंतर. आणि माणूस गेल्यावर हे आतले जीव कधी मरतात, असं कुणी ना कुणी विचारतंच. वर्गात पोरं विचारायची तेव्हा पुढच्या धड्याची घाई असायची मला. उद्या कुणी विचारलं तर खाली बसून नीट सांगीन, की बाई, लगेच नाही मरत. म्हणून तोंडात पाणी घालायची वेळ आली तर हात आखडता घेऊ नका.

तुमची थकलेली सून,
सुनंदा